कल्पनेचा पहिला नमुना

शिवाजीनगर म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर पुण्याचा गजबजलेला भाग उभा राहतो. बेंगळुरूतही एक शिवाजीनगर आहे. पूर्वी ब्लॅकपल्ली या नावाने ओळखली जाणारी, लष्करी छावणीच्या आश्रयाने वाढलेली ही जुनी वस्ती. बेंगळुरूची जहागीर एके काळी शहाजीराजांकडे होती, हे लक्षात घेतले तर या नावाचे मराठी माणसाला विशेष नवल वाटू नये. मात्र तेथे पाऊल ठेवताच प्रथम भेटतो तो इतिहास नव्हे, तर बाजार. सेंट मेरी बॅसिलिकेचा उंच मनोरा, बसस्थानकाची गर्दी, रसेल मार्केटमधील फळे, फुले आणि मासळी, आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत पसरलेली गुजरी. गुजरी म्हणजे जुन्या वस्तूंचा बाजार. मोडीत निघालेल्या मोटारींचे आरसे, दिवे, गिअर, पट्टे, मोटरी असे सारे येथे सुटे होऊन पुन्हा विक्रीस येते.

या गुजरीत जाणारा प्रत्येक गिऱ्हाईक आपली गाडी दुरुस्त करण्यासाठीच येतो असे नाही. काही जण मोटारीच्या काचेवरील वायपरची जुनी मोटर शोधत असतात. ती बारा व्होल्टवर चालते, आतल्या गिअरमुळे फिरते सावकाश पण नेट लावून, आणि नव्या मोटरीच्या मानाने स्वस्त पडते. ज्यांच्या डोक्यात एखादे नवे यंत्र घोळत असते, त्यांना अशा वस्तूचे मोल चटकन कळते. नव्या शोधाची सुरुवात पुष्कळदा अशा जुन्या सामानातूनच होते. परंतु डोक्यातील कल्पना आणि कारखान्यातून बाहेर पडणारी वस्तू यांच्यामध्ये जी वाट आहे, तिच्यावर अनेकांची बचत, कधी भविष्य निर्वाह निधीची सारी रक्कम, कधी घरातील दागिने खर्ची पडतात. कल्पना वाईट असते म्हणून असे होते असे नाही. खर्चाचा क्रम चुकलेला असतो. तो क्रम समजून घेणे ग्राहकाला जितके उपयोगाचे आहे, तितकेच कर्जाचा अर्ज हाती घेणाऱ्या बँक कर्मचाऱ्यालाही.

विवेचनासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, रसेल मार्केटसारख्या बाजारातील एका मासळीविक्रेत्याच्या मनात माशांचे खवले काढणारे छोटे यंत्र आले. दिवसभर सुरी चालवून त्याच्या बोटांना चिरा पडतात, गिऱ्हाईक ताटकळते आणि सकाळच्या गर्दीत दोन माणसे केवळ खवले काढण्यात गुंततात. आतून खरखरीत असलेले एक पिंप असावे, त्यात मासे घालावेत, वरून पाण्याची धार सोडावी आणि पिंप फिरवावे. माशांवर माशांचे व पिंपाच्या भिंतीचे घर्षण होऊन खवले निघतील, अशी त्याची कल्पना. ती ऐकणारा प्रत्येक जण मान डोलावतो. येथेच पहिला धोका असतो, कारण मान डोलावण्यास कोणालाच पैसे पडत नाहीत.

एका नमुन्याला एकच प्रश्न

कारखानदारीच्या भाषेत ज्याला ‘प्रोटोटाइप’ म्हणतात, त्याला मराठीत आद्य नमुना म्हणता येईल. नमुना म्हणजे तयार मालाची पहिली प्रत, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि तीच महागात पडते. नमुना हा वस्तूच्या रूपात विचारलेला प्रश्न असतो. ज्या प्रश्नाचे उत्तर प्रतिकूल आले तर पुढचे सारे व्यर्थ ठरेल, तो प्रश्न पहिल्या नमुन्याने विचारला पाहिजे.

आपल्या मासळीविक्रेत्यापुढे कोणता प्रश्न आहे? पिंप फिरेल की नाही, हा नव्हे. पिंप फिरवणे ही जुनी विद्या आहे. प्रश्न आहे तारलीचा. रोहूचे खवले मोठे व घट्ट बसलेले असतात, ते काढण्यास जोर लागतो. तारलीचे खवले सैल आणि कातडी नाजूक. जो खरखरीतपणा रोहूला पुरेल, तो तारलीची कातडी फाडेल. फाटलेली तारली गिऱ्हाईक घेत नाही. तेव्हा एकाच पिंपात दोन्ही मासे नीट निघतात का, एवढेच पहिल्या नमुन्याने सांगायचे आहे.

त्यासाठी मोटर लागत नाही. पत्र्याचा एक गोल डबा घ्यावा, बाहेरून खिळ्याने जवळजवळ भोके पाडावीत, म्हणजे आत किसणीसारखी धार उभी राहते. मधून एक सळई घालून तिला हाताने फिरवण्याचा दांडा बसवावा. झाला पहिला नमुना. त्याला किलो किलोभर मासे, एक घड्याळ आणि एक वही लागते. किती फेऱ्या मारल्या, किती खवले उरले, किती माशांची कातडी गेली, हे लिहून ठेवायचे. एका दुपारी काही शे रुपयांत जे कळते, तेच पोलादी यंत्र घडवून घेतल्यानंतर कळले तर तीच शिकवण काही हजारांना, कदाचित लाखाला पडते.

वेगाचा प्रश्न त्यानंतरचा. येथे थोडे गणित उपयोगी पडते. आडवे फिरणारे पिंप फार जोरात फिरवले तर आतील वस्तू भिंतीला चिकटून पिंपाबरोबरच गोल फिरत राहतात, त्यांच्यात घर्षण उरत नाही. ४० सेंटिमीटर व्यासाच्या पिंपासाठी ही मर्यादा मिनिटाला सुमारे ६७ फेऱ्यांवर येते. त्याच्या बऱ्याच खाली, म्हणजे ४० ते ५० फेऱ्यांच्या आसपास मासे वर चढून पुन्हा खाली कोसळत राहतील. वायपरची मोटर साधारण याच टप्प्यातील वेग देते. शिवाय बारा व्होल्टची असल्यामुळे ओल्या हातांना ती घरगुती विजेपेक्षा कितीतरी कमी धोक्याची. गुजरीत ती मोटर शोधण्याची वेळ आता आली. हाच दुसरा नमुना.

लोखंड कापण्याआधी

दुसऱ्या नमुन्याकडे जाण्यापूर्वी एक काम घरबसल्या होण्यासारखे आहे आणि तेच बहुतेकांकडून राहून जाते. आपली कल्पना जगात आधीच कोणी प्रत्यक्षात आणली आहे काय, याचा शोध घेणे. भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर ‘इनपास’ नावाची शोधसेवा विनामूल्य उपलब्ध आहे. युरोपीय कार्यालयाची ‘एस्पेसनेट’ ही सेवाही तशीच खुली आहे. मासळीविक्रेत्याने तेथे थोडा वेळ घालवला तर त्याला धक्का बसेल. फिरत्या पिंपात खवले काढणारी यंत्रे मासळी प्रक्रिया उद्योगात पूर्वीपासून आहेत.

या ठिकाणी अनेक जण खचतात, काही जण तो कागद बाजूला सारून पुढे जातात. दोन्ही अयोग्य. पिंप जुने असेल, पण माशागणिक बदलता येणारे आतील अस्तर, म्हणजे रोहूसाठी धारदार पत्रा व तारलीसाठी मऊ रबरी काटे, ते काही क्षणांत काढून घालण्याची खटकी, हे कदाचित नवे असू शकेल. शोधाचा आवाका असा लहान होतो, पण नेमका होतो. पेटंटही अशाच नेमक्या गोष्टीला मिळते. भारतात त्यासाठी तीन कसोट्या आहेत. वस्तू नवी असावी, त्या क्षेत्रातील जाणकारालाही सहज सुचणारी नसावी आणि उद्योगात वापरता येणारी असावी. लहानसहान सुधारणांना संरक्षण देणारा वेगळा कायदा काही देशांत आहे, आपल्याकडे तो नाही. त्यामुळे दुसरी कसोटी छोट्या शोधांना जड जाते, हे आधीच ठाऊक असलेले बरे. वस्तूच्या केवळ बाह्य रूपाचे संरक्षण हवे असेल तर २००० सालच्या डिझाइन कायद्याखाली नोंदणी होते. ती दहा वर्षांसाठी असते आणि आणखी पाच वर्षे वाढवता येते.

पेटंटच्या बाबतीत तारखेला फार महत्त्व आहे. आपली वस्तू जाहीरपणे दाखवली, तिचे छायाचित्र भ्रमणध्वनीवरील एखाद्या गटात पाठवले, वर्तमानपत्रात ‘होतकरू संशोधक’ म्हणून बातमी आली, की ती ‘नवी’ राहत नाही. नंतर केलेल्या अर्जाला आपलीच बातमी आडवी येते. ठरावीक प्रदर्शनांत मांडलेल्या वस्तूंना आणि अपरिहार्य जाहीर चाचण्यांना कायद्यात एक वर्षाची सवलत आहे. परंतु तिच्या अटी बारीक आहेत आणि तिच्या भरवशावर कोणी गाफील राहू नये. सोपा मार्ग तात्पुरत्या अर्जाचा. शोधाचे वर्णन करून हा अर्ज दाखल केला की तारीख आपल्या नावावर लागते आणि संपूर्ण तपशिलाचा अर्ज देण्यास बारा महिने मिळतात. ती मुदत चुकली तर अर्ज सोडून दिला असे मानले जाते. स्वतंत्र व्यक्तीला ऑनलाइन अर्जासाठी मूळ शुल्क १,६०० रुपये आहे, पेटंट एजंटचे शुल्क त्याहून वेगळे. कर्नाटकातील अर्जदारासाठी चेन्नईचे कार्यालय, महाराष्ट्र व गोव्यासाठी मुंबईचे. येथे आणखी एक ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट आहे. केवळ अर्ज करून तपासणी होत नाही, ती स्वतंत्रपणे मागावी लागते. मार्च २०२४ मध्ये बदललेल्या नियमांनुसार नव्या अर्जांसाठी ही मुदत ४८ महिन्यांवरून ३१ महिन्यांवर आली आहे. पेटंट मिळाले तर ते अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षे राहते, तेही नूतनीकरणाचे शुल्क भरत राहिल्यास.

हे बारा महिने म्हणजेच नमुन्यांचा खरा काळ. दुसरा, तिसरा नमुना या अवधीत व्हावा आणि त्यातून जे शिकायला मिळेल ते संपूर्ण अर्जात नीट उतरावे.

रेखाचित्र कोणाचे?

हाताने केलेल्या डब्यापासून पुढचा नमुना कारागिराकडून किंवा संकल्पनकाराकडून करून घ्यावा लागतो. बेंगळुरूसारख्या शहरात त्यासाठी दूर जावे लागत नाही. पीन्या औद्योगिक वसाहतीत लेथ, मिलिंग, लेझर कटिंग, पत्रा वाकवणे, वेल्डिंग अशी कामे करणारी असंख्य छोटी वर्कशॉप आहेत. केंद्र शासनाची उत्पादन तंत्रज्ञान संस्था तुमकुरु रस्त्यावर आहे. खाद्यपदार्थांशी संबंधित यंत्र असेल तर म्हैसूरची केंद्रीय खाद्य तंत्रज्ञान संशोधन संस्था जवळ आहे. महाराष्ट्रातील वाचकाला पुण्याजवळच्या पाबळचे उदाहरण अधिक जवळचे वाटेल. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये स्थापन केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ साली ‘फॅब लॅब’ सुरू झाली. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेबाहेरची ही पहिली अशी प्रयोगशाळा. संगणकावर आखलेली वस्तू तेथील यंत्रांवर थेट कापून, छापून पाहता येते आणि ती खेड्यातील मुलांच्या हाती असते.

वर्कशॉपमध्ये तोंडी सांगून काम होते खरे. ‘साधारण एवढे पिंप करा’ म्हटले की फिटर ते करूनही देतो. पण दुसऱ्या दिवशी तसेच दुसरे हवे असेल तर ते पहिल्यासारखे नसते. म्हणून रेखाचित्र हवे. त्यात प्रत्येक माप, ते माप किती कमीअधिक चालेल ती मर्यादा, पत्र्याची जाडी आणि धातूचा प्रकार लिहिलेला असावा. ‘स्टेनलेस स्टील’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. बाजारात २०२ क्रमांकाचे स्वस्त पोलाद मिळते, ते खाऱ्या पाण्यात लवकर गंजते. खाद्यपदार्थांसाठी सामान्यतः ३०४ वापरतात, आणि समुद्री मासळीच्या सततच्या खारटपणासाठी ३१६ अधिक टिकाऊ. रेखाचित्रात हा आकडा नसेल तर वर्कशॉपवाला त्याला परवडेल ते वापरील, आणि त्यात त्याचा दोष मानता येणार नाही.

हे रेखाचित्र बाहेरच्या संकल्पनकाराने पैसे घेऊन केले असेल तर त्याचा मालक कोण? बहुतेकांचे उत्तर असते, ज्याने पैसे दिले तो. कायदा सर्वसाधारणपणे तसे मानत नाही. नोकरीत नसलेल्या, स्वतंत्रपणे काम करणाऱ्या व्यक्तीने केलेल्या रेखाचित्राचा स्वामित्वहक्क तिने लेखी हस्तांतरित केल्याशिवाय पैसे देणाऱ्याकडे येत नाही. दोन पानांचा करार पुरतो. त्यात रेखाचित्रे व संगणकीय फाइली कोणाच्या, काम गुप्त ठेवण्याचे बंधन किती काळ, आणि काम करताना कारागिराला एखादी नवी युक्ती सुचली तर तिचे काय, हे लिहिलेले असावे. शेवटचा मुद्दा क्षुल्लक नाही. अस्तराची ती खटकी जर वेल्डिंग करणाऱ्याला सुचली असेल, तर त्या अंशाचा संशोधक तोच आहे. त्याचे नाव अर्जात वगळल्यास पुढे पेटंटच अडचणीत येते. योग्य वेळी योग्य मोबदला देऊन त्याची लेखी संमती घेणे हे न्यायाचेही आहे आणि शहाणपणाचेही.

याच टप्प्यावर आणखी एक वर्ग भेटतो. ‘तुमची कल्पना अप्रतिम आहे, आगाऊ शुल्क भरा, संकल्पन, पेटंट, विक्री सारे आम्ही पाहू’ असे सांगणारा. या व्यवसायात प्रामाणिक माणसे आहेतच. पण प्रत्येक कल्पनेची स्तुती करणाऱ्याकडून सावध राहावे. अमेरिकेत अशा संस्थांविषयी इतक्या तक्रारी झाल्या की १९९९ मध्ये तेथे कायदा करावा लागला. आपल्या किती ग्राहकांना शोधातून खर्चापेक्षा अधिक उत्पन्न झाले, हे करारापूर्वी लेखी सांगणे त्या कायद्याने बंधनकारक केले. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नसला तरी हाच प्रश्न कोणीही विचारू शकतो.

बेंगळुरूतील दोन यंत्रे

नमुना चालला म्हणजे शोध यशस्वी झाला, असे मात्र नाही. बेंगळुरूशी जोडलेल्या दोन यंत्रांचा इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे.

पहिले यंत्र आता प्रत्येक मतदाराने हाताळलेले. इलेक्ट्रॉनिक मतदानयंत्राचा नमुना हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशन ऑफ इंडियाने १९७९ मध्ये तयार केला आणि ६ ऑगस्ट १९८० रोजी निवडणूक आयोगाने तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवला. पुढे बेंगळुरूची भारत इलेक्ट्रॉनिक्स ही संस्था या कामात सहभागी झाली. मे १९८२ मध्ये केरळातील पारूर मतदारसंघात ५० केंद्रांवर यंत्रे वापरली गेली. ती चालली. परंतु १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते मतदान रद्द ठरवले, कारण यंत्राने मत देण्याची तरतूदच तेव्हाच्या कायद्यात नव्हती. डिसेंबर १९८८ मध्ये कायदा बदलला. १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत यंत्रे वापरली गेली आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत ती देशभर पोहोचली. पहिल्या नमुन्यापासून पंचवीस वर्षांनी.

या पंचवीस वर्षांतील एक दुवा महाराष्ट्रातून जातो. यंत्राचे आजचे परिचित रूप मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील औद्योगिक संकल्पन केंद्रात आकाराला आले. ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांचे ते काम. विद्युतमंडल अभियंत्यांनी केले होतेच. संकल्पनकारांपुढचा प्रश्न वेगळा होता. लिहिता-वाचता न येणारा, आयुष्यात कधी बटण न दाबलेला मतदार आडोशामागे एकटा उभा असेल, त्याला कोणी काही सांगू शकणार नाही, तेव्हा त्याची चूक कशी होऊ नये? चिन्हाशेजारी एकच निळे बटण, दाबल्यावर पेटणारा लाल दिवा आणि लांब शिट्टी. वीज नसलेल्या गावातही चालावे म्हणून बॅटरी. मतदान कर्मचाऱ्याला हातात उचलून नेता यावी अशी पेटी. यंत्र ‘चालणे’ आणि यंत्र ‘वापरता येणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. त्यांचे नमुनेही भिन्न लागतात. एक आतले काम सिद्ध करतो, दुसरा हाताला, डोळ्याला पारखून पाहतो.

दुसरे यंत्र ‘सिम्प्युटर’. सामान्य माणसाला परवडेल, इंग्रजी न येणाऱ्याला वापरता येईल आणि हातात मावेल असा संगणक व्हावा, ही कल्पना १९९८ मध्ये बेंगळुरूतील एका परिषदेच्या निमित्ताने पुढे आली. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय हे प्राध्यापक आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे व त्यांचे सहकारी यांनी १९९९ मध्ये त्यासाठी एक विश्वस्त संस्था काढली. एप्रिल २००१ मध्ये नमुना जगापुढे आला आणि जगभर त्याचे कौतुक झाले. किंमत सुमारे नऊ हजार रुपये असावी असा संकल्प होता. एकच यंत्र सारे गाव वापरील आणि प्रत्येकाची माहिती त्याच्या स्वतःच्या स्मार्ट कार्डावर राहील, ही त्यातील सर्वांत सुंदर कल्पना. भारतीय भाषांतील मजकूर यंत्र वाचूनही दाखवीत असे. मार्च २००४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेले ‘अमिडा सिम्प्युटर’ बाजारात आले, त्यातील सर्वांत साधे दहा हजारांच्या किंचित आत. विक्री मात्र अपेक्षेच्या जवळपासही गेली नाही.

का, याची अनेक कारणे सांगितली जातात. त्यांतील एक प्रत्येक संशोधकाने मनात ठेवावे असे. नमुना आणि बाजार यांच्यातील तीन वर्षांत भारतात भ्रमणध्वनी स्वस्त होत गेला. ज्या खेड्यासाठी यंत्र होते, त्या खेड्याच्या खिशात दुसरेच यंत्र आले. मात्र कल्पना वाया गेली असे म्हणणे अन्यायाचे होईल. जानेवारी २००६ मध्ये रिझर्व्ह बँकेने व्यवसाय प्रतिनिधी नेमण्यास परवानगी दिली आणि त्यानंतर हातातील छोटे यंत्र घेऊन खेड्यात खाते उघडणारा, पैसे देणारा-घेणारा बँक मित्र आला. सिम्प्युटरकर्त्यांनी ज्या वापराचे चित्र रंगवले होते, ते त्यांच्या यंत्रावाचून बऱ्याच अंशी साकार झाले.

पैसा कोठून यावा

‘भारतीय एडिसन’ म्हणून गौरवले गेलेले डॉ. शंकर आबाजी भिसे (१८६७–१९३५) यांचे चरित्र या प्रश्नाभोवतीच फिरते. मुद्रणाचे खिळे वेगाने ओतणारे ‘भिसोटाइप’ यंत्र त्यांनी लंडनमध्ये सिद्ध केले. दादाभाई नौरोजींनी त्यांच्यासाठी खटपट केली. १९१० मध्ये टाटांच्या साह्याने टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले. तरीही व्यापारी उत्पादनाच्या प्रत्येक पायरीवर भांडवल अपुरे पडत गेले आणि पहिल्या महायुद्धाच्या काळात भिसे अमेरिकेस गेले, ते तेथेच राहिले. बुद्धीचा तुटवडा त्यांना कधी भासला नाही.

बँकेचे कर्ज आणि नमुन्याचा खर्च यांचा मेळ स्वभावतःच बसत नाही. कर्जाचा हप्ता पुढच्या महिन्यापासून सुरू होतो, नमुन्याचे उत्पन्न मात्र कदाचित कधीच येणार नाही. म्हणून पहिला डबा स्वतःच्या पैशाने, आणि तोही जितका स्वस्त होईल तितका. त्यापुढील नमुन्यांसाठी परतफेडीचे ओझे नसलेला पैसा शोधावा. केंद्र शासनाच्या विज्ञान व तंत्रज्ञान विभागाने २०१६ मध्ये सुरू केलेल्या ‘निधी-प्रयास’ योजनेत नमुन्यासाठी दहा लाख रुपयांपर्यंत साह्याची तरतूद आहे, ते निवडक संवर्धन केंद्रांमार्फत मिळते. मान्यताप्राप्त नवउद्योगांसाठी २०२१ मध्ये आलेल्या ‘स्टार्टअप इंडिया’ बीजनिधी योजनेत या टप्प्याला वीस लाखांपर्यंत अनुदान ठेवण्यात आले. वैयक्तिक संशोधकांसाठी ‘प्रिझम’ ही योजना आहे आणि औपचारिक शिक्षण नसलेल्या कल्पक माणसांसाठी २००० साली स्थापन झालेले राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान. अशा योजनांच्या मुदती व अटी बदलत असल्याने अर्जापूर्वी त्या त्या कार्यालयात चौकशी करून घ्यावी.

बँकेची वेळ येते ती यंत्र विकले जाईल असा पुरावा हाती आल्यावर. दहा यंत्रे करण्यासाठी पत्रा व मोटरी घ्यायच्या आहेत, छोटी वर्कशॉप काढायची आहे, तेव्हा ‘उद्यम’ नोंदणी करून मुद्रा योजनेखाली किंवा पतहमी न्यासाच्या छत्राखाली तारणाविना कर्ज मागता येते. प्लास्टिकच्या भागासाठी साचा करण्याची घाई मात्र या टप्प्यावरही करू नये. साच्याचा खर्च लाखांत जातो आणि साचा झाला की आकार बदलण्याचे स्वातंत्र्य संपते. पहिले दहा-वीस नग पत्रा वाकवून किंवा त्रिमितीय छपाईने करून घ्यावेत. प्रत्येक नग महाग पडतो, पण चूक स्वस्त पडते.

अशा कर्जाचा अर्ज तपासणाऱ्या अधिकाऱ्याने गुळगुळीत कागदावरील प्रकल्प अहवालाच्या आधी ती चाचणीची वही मागावी. तिच्यावर पाण्याचे डाग असतील, काही पानांना मासळीचा वास येत असेल. कोणत्या तारखेला किती किलो तारली घातली, किती मिनिटे पिंप फिरले, किती मासे फाटले, पाणी किती लागले, मोटर कितव्या दिवशी तापून बंद पडली, त्यानंतर काय बदलले. आणि ज्या शेजारच्या गाळ्यावर ते यंत्र आठवडाभर वापरायला ठेवले होते, त्या गाळेधारकाने ते परत देताना काचकूच केली का, हेही त्याला विचारून घ्यावे.